दुसरा खडू

बंगलोर, मुलींचं वसतिगृह
४ नोव्हेंबर १९९६

ती. निंबामामांना धनश्रीचा नमस्कार,

मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतं, की मास्तरीण व्हायचं सोडून ही पोरगी अजून कसला अभ्यास करते आणि तो संपत का नाही. तुमच्या प्रश्नाने मला आठवडाभर छळलं. शेवटी असं लक्षात आलं, की तुम्हाला सांगणं सगळ्यांत सोपं आहे. ते काम तुम्ही तीस वर्षं करताय.

तुमच्याकडे आठ माग आहेत. एकाच्या कांडीवरचं सूत संपलं की तो थांबतो आणि तुम्ही तिकडे जाता. तेवढ्यात दुसऱ्याची सुताची तार तुटते. तो तुमची वाट बघत उभा राहतो. एका माणसाकडे किती माग दिले तर माणूसही दमणार नाही आणि मागही फार खोळंबणार नाहीत, याचं एक सूत्र आहे. ते परदेशातल्या गिरण्यांवरून बनवलेलं आहे. आपल्या लिंबायतच्या मागाच्या खात्यात ते चालतं का, एवढंच मला तपासायचं आहे. यालाच इथे इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमधली पीएच.डी. म्हणतात.

म्हणून एक मागणं आहे. सोबत वही आणि खडूची पेटी पाठवते. दिवाळीनंतर लाभपाचमेला खातं उघडलं की रोज सकाळी अकरा ते बारा, फक्त एक तास, एवढं करा: थांबलेला माग तुम्ही चालू केलात की त्याच्या सांगाड्यावर खडूने एक रेघ ओढायची. बारा वाजता रेघा मोजून वहीत लिहायच्या आणि पुसून टाकायच्या. संध्याकाळी प्रत्येक मागाचं कापड मोजतात, तोही आकडा लिहायचा. असे तीस दिवस.

एकवीस मार्चला आमच्या समितीपुढे हे सगळं मांडायचं आहे. तिला पटलं तर पुढे जायचं. नाही पटलं तर दोन वर्षांचं काम बाजूला ठेवून नवा विषय. मामा, तुमच्या घरात राहून मी कॉलेज केलं, आता ही शेवटची फी समजा.

मामीला नमस्कार. तिच्या हातच्या कळण्याच्या भाकरीसाठी जीव तुटतो. इथे सकाळ-संध्याकाळ इडली.

तुमची,
धनू

*

लिंबायत, सुरत
२२ डिसेंबर १९९६

चि. धनू, अनेक आशीर्वाद.

वही भरली. रजिस्टर करून पाठवतोय, साध्या टपालाचा भरवसा नाही. पोस्टातल्या बाईने विचारलं, आत काय आहे? म्हटलं, भाचीची पीएच.डी. आहे, जपून शिक्का मारा.

पहिल्या दिवशी खात्यात जी मजा झाली ती सांगतो. मी रेघ ओढली, तर पलीकडचा दगा कंबरेवर हात ठेवून बघतच राहिला. "निंबाभाऊ, मागले टिळा लावस का?" म्हणाला. तू दगाला ओळखतेस. त्याचे आठ माग माझ्या रांगेला लागूनच सुरू होतात. माझा आठवा आणि त्याचा पहिला यांच्यात एक माणूस आडवा होऊन जाईल इतकीच वाट आहे. आवाज इतका, की टिळ्याचा खुलासा मला खुणांनीच करावा लागला. तेव्हापासून सगळं खातं मला भटजी म्हणतं.

पण तू सांगितलंस तसंच केलं आहे. ओळ सोडून लिहिलं, खाडाखोड केली नाही. मी सातवी पास आहे, पण वही बघून कुणी मॅट्रिक म्हणेल.

एक विचारू का? तुझ्या या सूत्रातून आठाचे दहा माग तर होणार नाहीत ना? शेठ हिशेबी माणूस. पुस्तकात छापून आलं तर म्हणेल, निंबाच्या भाचीनेच लिहिलंय, घ्या दोन वाढवून. तेवढं सांभाळ.

तुझ्या आईबाबांना पलसाण्याला भेटून आलो. बाबांच्या डाइंग खात्यात काम जोरात आहे. हात निळे, तब्येत ठणठणीत. मामी आशीर्वाद सांगते. कळण्याचं पीठ पाठवायचं म्हणत होती, मी म्हटलं बंगलोरचे उंदीर खातील.

तुझा,
निंबामामा

*

बंगलोर
६ जानेवारी १९९७

ती. मामा, सा. न.

वही उघडली आणि दोन मैत्रिणींना बोलावून दाखवली. आमच्याकडे मोठमोठ्या कारखान्यांतून आकडे येतात, ते याच्या पासंगालाही पुरणार नाहीत. दहा मागांची भीती सोडा. तसं काही निघालं तर मीच वही चुलीत घालीन.

सगळे आकडे कॉम्प्युटरवर चढवले. एक गोष्ट मात्र कळत नाही. पहिल्या सहा मागांवर तासाला सरासरी सात रेघा आहेत. सातव्यावर आणि आठव्यावर तीन, कधी चार. त्या दोघांवर सूत वेगळं आहे का? कांडी मोठी आहे का? कापड तर आठांवरही सारखंच निघालंय.

घाई नाही, पण मार्च जवळ येतोय म्हणून विचारते.

तुमची,
धनू

*

लिंबायत
१५ जानेवारी १९९७

चि. धनूस आशीर्वाद.

सूत तेच, कांडी तीच. सात आणि आठ हे शहाणे माग आहेत, एवढंच. एका घरात दोन भाऊ गुणी निघतात तसं. सारखी कुरकुर करत नाहीत. त्यात फार डोकं घालू नकोस, तुला पुढचं पुष्कळ काम असेल.

काल संक्रांत झाली. गच्चीगच्चीवर पतंग, खाली रस्त्यावर उंधियूचे टोप. मी यंदा पतंग उडवला नाही, वय झालं आता. मामीने तिळगूळ दिलाय तो सोबत आहे. फुटला तरी गोडच लागेल.

निंबामामा

*

बंगलोर
१ फेब्रुवारी १९९७

ती. मामा, सा. न.

तिळगुळाचा भुगा झाला होता, चमच्याने खाल्ला.

आता जे लिहिते त्याने रागावू नका. काल माझ्या मार्गदर्शक सरांनी वही पाहिली. ते चांगले आहेत, पण आकड्यांच्या बाबतीत कुणाचे नाहीत. म्हणाले, कांडी बदलल्याशिवाय कापड पुढे सरकत नाही. सातव्या-आठव्यावर इतरांइतकंच कापड निघालं, तर तितक्याच कांड्या संपल्या असणार आणि कुणीतरी त्या बदलल्या असणार. मग रेघा निम्म्या कशा? एकतर कापडाचा आकडा खोटा, नाहीतर रेघांचा. समितीतला कुणीही हे दोन मिनिटांत पकडेल आणि सगळी वही बाजूला टाकेल.

मामा, शेवटच्या दोन मागांच्या रेघा बारा वाजता घाईघाईत अंदाजाने लिहिल्या गेल्या का? तसं असेल तर सांगून टाका. मी काही म्हणणार नाही. फक्त खरं काय ते मला हवं आहे.

धनू

*

(पोस्टकार्ड)
लिंबायत, ९ फेब्रुवारी

चि. धनश्रीस,
मी चालू केलेल्या मागाची एकही रेघ कमी किंवा जास्त नाही. अंदाजाने लिहिणं मला येत नाही. वही खोटी वाटत असेल तर परत पाठव.
निंबा सुकलाल पाटील

*

लिंबायत
२० फेब्रुवारी १९९७

धनूबाई,

मी उषामामी लिहिते. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, हसू नको. मामा कामाला गेले आहेत. त्यांना सांगू नको मी लिहिलं ते.

तुझं पत्र आल्यापासून माणूस जेवत नाही नीट. भाकरी मोडून तसाच बसतो. पोस्टकार्डावर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं तेव्हाच मला कळलं की किती लागलंय. भाचीला कुणी वडिलांच्या नावासकट सही करतं का?

खरी गोष्ट अशी आहे बाई. मामाच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. दीड वर्ष झालं. उजव्यातही थोडा आहे. रांगेच्या शेवटाला उजेड कमी, तिथली बारीक तार त्यांना दिसत नाही. तिकडचे दोन माग थांबले की दगाभाऊ वाट ओलांडून येतो, चालू करून देतो आणि परत जातो. दीड वर्षात कुणाला बोलला नाही. मला त्याच्या बायकोने पाण्याच्या नळावर सांगितलं.

ऑपरेशन करा म्हटलं तर ऐकत नाहीत. शेठला कळलं तर आठाचे चार माग करील म्हणतात. संक्रांतीला पतंग उडवला नाही तो वयाने नाही, दोर दिसत नव्हता म्हणून.

तू शिकलेली आहेस. त्यांना दुखवल्याशिवाय काय करता येईल ते कर.

तुझी मामी

*

बंगलोर
२७ फेब्रुवारी १९९७

ती. मामांना धनूचा साष्टांग नमस्कार,

चूक माझी आहे. रागाने तुमचं पोस्टकार्ड चार वेळा वाचलं, पाचव्यांदा वाचताना मान खाली गेली. तुम्ही लिहिलंत, "मी चालू केलेल्या मागाची." मी वहीबरोबर पाठवलेल्या सूचना काढून पाहिल्या. तिथेही तेच आहे: माग तुम्ही चालू केलात की रेघ ओढा. तुम्ही न केलेल्या कामाची रेघ तुम्ही कशी ओढाल? मी विचारलंच नव्हतं, की तुमच्याखेरीज आणखी कुणी तुमच्या मागाला हात लावतं का.

परदेशातल्या सूत्रात एक माणूस आणि त्याचे माग असतात. शेजारी कुणी नसतं. मी लिंबायतमध्ये सहा वर्षं राहिले, शेजारच्यांच्या घरी जेवले, आणि तरी खडू एकट्या तुमच्याच हातात दिला. हसावं की रडावं कळत नाही.

आता विचारते. सातवा-आठवा कोण चालू करतं, मामा? आणि का, ते सांगावंसं वाटलं तरच सांगा. समितीला मी नुसतं एवढंच सांगीन, की मोजणी माझ्या चुकीने अपुरी आहे.

तुमचीच,
धनू

*

लिंबायत
८ मार्च १९९७

चि. धनू,

मामीने तुला लिहिलं हे मला माहीत आहे. शाईची बाटली जागेवर नव्हती. तीस वर्षांत या घरात माझ्याखेरीज कुणी शाई उघडली नाही. तिला मी काही बोललो नाही, तूही बोलू नकोस.

डोळ्याचं खरं आहे. तुला लपवलं ते लाजेने. ज्या माणसाने हलत्या मागावर तुटलेली तार लांबून ओळखायची, त्याने भाचीला काय लिहायचं, की आता दिसत नाही? आणि वहीत दगाचं नाव आलं, ते छापलं गेलं, शेठने वाचलं, तर? तू हसशील, पण मी रोज मनात शेठला तुझं इंग्रजी पुस्तक वाचताना बघत होतो.

दुसरं खरं असं, की मला ते लिहायचं सुचलंही नाही. गावाकडे सावड करतात ना? आज तुझे बैल माझ्या शेतात, उद्या माझे तुझ्या. त्याची वही कुणी ठेवत नाही. ठेवली तर ती सावड कसली? इथे तशी बोलणी काही झालेली नाहीत. जवळच्याचा माग थांबलेला दिसला की हात जातो. एकटा दगाच नाही, सगळ्या खात्यात हेच चालतं. फक्त माझ्याकडून परतफेड होत नाही आता. दीड वर्ष मी दगाच्या उपकारावर माग चालवतोय. ते आतून फार टोचतं. तुझ्या पत्राचा राग आला तो त्याचाच होता, तुझा नव्हता.

आता तुझ्या समितीचं काय?

मामा

*

बंगलोर
२४ मार्च १९९७

ती. मामा, सा. न.

समिती झाली. मी सरळ सांगितलं, की आकडे खरे आहेत, प्रश्न चुकीचा विचारला होता. मग सावड म्हणजे काय ते सांगितलं. पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात सर म्हणाले, "शेजारी येतो हे सूत्रात कुठे आहे?" कुठेच नाही म्हटलं. तर म्हणाले, "मग तोच तुझा प्रबंध. पण मोजून आण. गोष्ट सांगून चालणार नाही." जूनपर्यंत मुदत दिली आहे. मोजता आलं नाही तर मात्र नवा विषय, हे त्यांनी दोनदा बजावलं.

म्हणून सोबत दुसरा खडू पाठवते. तो दगाभाऊंना द्या. स्वतः चालू केला तर रेघ, दुसऱ्याच्या मागाला हात लावला तर फुली. तास तोच, अकरा ते बारा. चोवीस दिवस पुरेत. नावं कुठेही छापणार नाही. शेठने दहा जन्म वाचलं तरी त्याला कळणार नाही.

आणि डोळा, मामा. दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन करून घ्यायचं. मी येते. ही सुद्धा फीच समजा, पण तुम्ही द्यायची.

धनू

*

लिंबायत
४ मे १९९७

चि. धनूस आशीर्वाद.

वही पाठवली आहे. पण आधी दगाचं ऐक. खडू हातात दिला, समजावून सांगितलं. त्याने खडू परत माझ्या खिशात घातला. "मी तुना मागले हात लावा, ते मीच लिखू? भाऊपनले खडू लावानं का?" दोन दिवस ऐकेना. मी म्हटलं, पोरीची पदवी अडली आहे. मग डोकं खाजवून त्यानेच तोड काढली. "मन्हं मी लिखणार नही. तू करेल मी लिखसू, मी करेल तू लिख."

म्हणून तू सांगितलंस त्याच्या उलट केलं आहे. ज्याच्या मागाला मदत झाली त्याने फुली मारायची. दगा माझ्या मागावर आला की मी मारतो. तार दिसत नसली तरी दगा दिसतो, चांगला जाडजूड आहे. मी त्याच्या मागावर गेलो तर तो मारतो. तुझ्या शास्त्रात हे बसत नसेल तर सांग.

आता खरी अडचण. बेरीज केली तर माझ्या मागांवर दगाच्या एकशे एकतीस फुल्या. हे मला माहीत होतं. पण त्याच्या मागांवर माझ्या एकशे अठरा! धनू, हे शक्य नाही. मी इतक्या वेळा त्याच्याकडे जातो कधी? त्याच्या रांगेला खिडकी आहे, तिथे मला दिसतं, हे कबूल. त्याचे चार एकदम थांबले की मी जातो, हेही कबूल. पण ते धरायचं किती? मला वाटतं, मला बरं वाटावं म्हणून दगा फुल्या वाढवून मारतोय. विचारलं तर म्हणतो, "मी खोटं कसाले लिखू?" पण त्याचं मन मला माहीत आहे.

तुझे आकडे पुन्हा नासायला नकोत. मागच्या वेळी मी लपवलं, या वेळी आधीच सांगतो. त्याच्या फुल्या धरू नकोस.

मामी हल्ली डबा घेऊन तासभर आधीच येते आणि दारातल्या बाकावर बसून राहते. माझ्या डोळ्याची काळजी. भाजी थंड होते, पण बोलत नाही मी.

मामा

*

बंगलोर
१९ मे १९९७

ती. मामा, सा. न.

आधी माफी मागते, मग बातमी सांगते.

सर म्हणाले होते, एकदा या वहीवर शंका आली आहे, तेव्हा तिसऱ्या कुणीतरी, दोघांना न सांगता, थोडे दिवस मोजलंच पाहिजे. म्हणून मी मामीला लिहिलं. शेवटचे सहा दिवस ती दारात बसत होती ती डोळ्याच्या काळजीने नाही. ओच्यात चिंचोके होते. दगाभाऊ तुमच्या मागावर आले की एक डाव्या बाजूला, तुम्ही त्यांच्या मागावर गेलात की एक उजव्या बाजूला. रोज घरी जाऊन आकडा कागदावर लिहायची. तो कागद काल आला.

सहा दिवसांत दगाभाऊ तुमच्याकडे तेहतीस वेळा आले. तुमच्या फुल्याही तेहतीस.

तुम्ही दगाभाऊंकडे गेलात एकतीस वेळा. त्यांच्या फुल्या तीस.

त्यांनी एकही वाढवलेली नाही, मामा. उलट एक राहून गेली आहे. परतफेड होत नाही म्हणून दीड वर्ष मनाला लावून घेतलंत आणि रोज ती करत होतात. हात जातो, असं तुम्हीच लिहिलंत. स्वतःचा हात जातो तेव्हा माणसाला दिसत नाही, त्याला मोतीबिंदू लागत नाही.

हे लिहिताना मला रडू येतंय आणि शेजारची मैत्रीण विचारते आहे, नापास झालीस का म्हणून. झाले नाही. सर खूश आहेत. दोन शेजारी मिळून सोळा माग जितके चालवतात, तितके ते एकेकटे चालवू शकत नाहीत, हे आता आकड्यांत दाखवता येतं. माग वाढवण्यापेक्षा शेजार टिकवणं फायद्याचं, असंच प्रकरण लिहिते आहे. हे शेठने वाचलं तर चालेल.

हे पत्र दगाभाऊंना वाचून दाखवा.

धनू

*

लिंबायत
१४ डिसेंबर १९९७

चि. डॉ. धनश्रीस निंबामामाचे अनेक, अनेक आशीर्वाद.

परवा नाक्यावरच्या एसटीडीवाल्याने गल्लीत उभं राहून ओरडून सांगितलं, "निंबाकाका, भाची पास!" पुढे काय ते त्याला कळलं नव्हतं, पण तेवढ्यावर मामीने शिरा केला. दगाच्या घरी मी स्वतः वाटी घेऊन गेलो.

डोळा उत्तम आहे. दिवाळीत तू उशाशी बसली होतीस तेव्हा पट्टी होती, म्हणून तुला सांगता आलं नाही, की तू वाळली आहेस. महिनाभराने बुधवारी कामावर गेलो. शेठला मामीनेच सांगून टाकलं होतं. तो म्हणाला, "निंबाभाई, पेहला केम नहीं कहा? नवा ट्यूबलाइट लगा देता." रांगेच्या शेवटाला आता ट्यूबलाइट आहे आणि माझे आठही माग माझ्याकडेच आहेत. दोन वर्षं ज्याला भ्यालो तो असा निघाला.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. तुझं मे महिन्यातलं पत्र मी दगाला वाचून दाखवलं होतं. एकतीस आणि तीस ऐकून तो उठून मागाकडे गेला. मला वाटलं, कांडी संपली असेल.

बुधवारी त्याचा पहिला माग थांबला आणि मी वाट ओलांडून गेलो. तार जोडायला वाकलो तर सांगाड्यावर, तेलकट धुळीच्या थराखाली, खडूची एक फुली. रोजच्या फुल्या आम्ही बारा वाजता पुसायचो. ही कुणी पुसली नव्हती. सात महिने ती तिथे होती आणि मला दिसत नव्हती.

मी दगाला खुणेने विचारलं, ही कसली? त्याने जवळ येऊन कानात ओरडून सांगितलं, "ती एक राहिनी व्हती."

मी तार जोडली आणि माग चालू केला. फुली आहे तशीच ठेवली आहे. तू आलीस की दाखवीन.

तुझा,
निंबामामा